सोनेरी स्प्रेला बरोक म्हणू नका

फर्निचरच्या बाजारात एक लबाडी राजरोस चालली आहे. राउटरवर कापलेलं एमडीएफ घ्यायचं, साच्यातून काढलेली फायबरची पानं-फुलं त्याच्या कडांना चिकटवायची, वरून सोनेरी स्प्रे मारायचा, लाल मखमल ताणून खालून स्टेपल ठोकायच्या आणि त्या खुर्चीला ‘बरोक’ म्हणून ग्राहकाच्या गळ्यात मारायचं. मंगल कार्यालयाच्या स्टेजवर हीच खुर्ची, पुढाऱ्याच्या बैठकीत हीच, नव्या बंगल्याच्या हॉलमध्येही हीच. तिच्याकडे पाहून नाक मुरडणारा दुसरा एक वर्ग आहे. तो शिकलेला आहे, त्याच्या घरी पांढऱ्या भिंती आणि सरळ रेषांची टेबलं आहेत, आणि तो एका वाक्यात निकाल देऊन मोकळा होतो: बरोक म्हणजे भपका. माझं भांडण या दोघांशीही आहे. एक ज्याची नक्कल विकतो आणि दुसरा ज्याची टर उडवतो, ते मूळ काम दोघांपैकी एकानेही जवळून पाहिलेलं नाही. दोघांना त्यात फक्त सोनं दिसलं.

मी लाकूडकाम करणाऱ्यांत वाढलो, त्यामुळे मला याचा राग येतो आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. बरोक फर्निचर म्हणजे हाताचं कसब, मालाची पारख आणि बांधणीची शिस्त या तिन्हींनी मिळून गाठलेली एक उंची आहे. त्यातली नक्षी सांध्यातून, लाकडाच्या रेषेतून, दगडाच्या शिरेतून बाहेर येते. ती वरून चिकटवता येत नाही. हे ज्याला कळत नाही त्याने बरोक विकू नये आणि बरोकला हसूही नये.

सुरुवात रोमपासून करू. 1624 ते 1633 या काळात शिल्पकार बर्निनीने सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाखाली ब्राँझचं छत्र उभं केलं. उंची सुमारे 29 मीटर. त्याचे चारही खांब पिळाचे आहेत, त्यामुळे एवढं अवाढव्य वजन स्थिर उभं असूनही वर चढत असल्यासारखं दिसतं. प्रोटेस्टंटांनी आपल्या प्रार्थनाघरांतून मूर्ती आणि चित्रं काढून टाकली होती. त्याला उत्तर म्हणून कॅथलिक चर्चला श्रद्धेचं असं रूप हवं होतं, जे पाहणाऱ्याला जागेवरून हलवेल. ही हालचाल हाच बरोकचा प्राण. चर्चमधून ती राजवाड्यात गेली, राजवाड्यातून सरदारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरांत, आणि सतराव्या शतकात युरोपभर टेबलांचे, कपाटांचे, खुर्च्यांचे पाय पिळाचे होऊ लागले.

असा पाय कसा होतो ते नीट समजून घ्या. कातारी आधी लाकूड लेथवर गोल कातून घेतो. मग त्यावर पिळाची रेघ आखतो, त्या रेघेवर करवतीने ठरलेल्या खोलीचा काप घेतो आणि मधलं लाकूड पटाशीने, कानशीने, हाताने काढत जातो. लाकडाचे तंतू उभे असतात आणि पीळ त्यांना प्रत्येक वळणावर तिरका छेदतो. तंतू वाकडे असलेला तुकडा निवडला तर भार येताच पाय मोडणार. म्हणून अक्रोडाचा सरळ तंतूंचा तुकडा शोधण्यापासून काम सुरू होतं. उत्तम कामात डाव्या पायाचा पीळ एका दिशेला आणि उजव्याचा उलट दिशेला असतो, म्हणजे समोरून पाहताना जोडी जुळते. पायांना खालून जोडणारे दांडे घ्या. उंच पाठीची जड खुर्ची डगमगू नये, पाय फाकू नयेत म्हणून ते आहेत. कारागिराने त्या गरजेलाच डौलदार वळण दिलं आणि दांडे एकमेकांना छेदतात तिथे कलशासारखा गोंडा कोरला. शोभा नेमकी तिथे आली जिथे आधाराची गरज होती. बरोकचं सगळं व्याकरण या एका सांध्यात आहे.

आता बाजारातली खुर्ची उलटी करून बघा. मी दुकानात ती उलटी करतो तेव्हा विक्रेत्याचा चेहरा पडतो, कारण खाली सगळं उघडं असतं. पाय मुख्य चौकटीला दोन स्क्रूंवर लटकलेला. पिळाचे चारही पाय एकाच दिशेचे, कारण मशीनला एकच फाइल दिलेली. कडेच्या पानाला नख लावलं की ते निघून हातात येतं आणि आतला पांढरा फायबर दिसतो. सोनेरी रंग वरच्या बाजूला जाड, खालच्या बाजूला नुसता उडालेला, आणि मखमलीखाली एमडीएफची कच्ची, भुसभुशीत कड. ओला फडका चार वेळा लागला की ती कड फुगणार. विक्रेता म्हणतो, ‘साहेब, खालून कोण बघतो?’ हा प्रश्न म्हणजे त्या संपूर्ण धंद्याचं कबुलीपत्र आहे.

या कामाचा कळस पाहायचा तर फर्निचर घडवणाऱ्या आंद्रे-शार्ल बूलकडे जावं लागतं. जन्म 1642, पॅरिस. 1672 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने त्याला लूव्र राजवाड्यात राहायला आणि काम करायला जागा दिली. त्या काळी पॅरिसचे कारागीर-संघ फार कडक होते. लाकूडवाल्याने लाकडातच राहायचं, धातू ओतणाऱ्याने धातूत. लूव्रमधल्या राजाश्रित कारागिरांना ही बंधनं लागू नव्हती. बूलने त्या सवलतीचं सोनं केलं. एकाच कारखान्यात त्याने लाकूडही घडवलं आणि ब्राँझही ओतलं, आणि म्हणून त्याच्या कपाटात लाकूड, पितळ आणि ब्राँझ एकाच डोक्यातून निघाल्यासारखे वागतात.

त्याची पद्धत, जिला आज जगभर त्याचंच नाव आहे, ती अशी. पितळेचा पातळ पत्रा आणि कासवाच्या पाठीचा पातळ थर सरसाने एकमेकांना चिकटवायचे. वर नक्षीचा कागद लावायचा. मग केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीने दोन्ही थर एकदम कापायचे. थर सुटे केले की हातात नक्षीचे दोन संच येतात: एकात कासवाच्या गडद पाठीवर पितळेच्या वेली, दुसऱ्यात पितळेच्या जमिनीवर कासवाच्या पाठीच्या वेली. एकाच कापातून जन्मलेली ही जोडी. काहीच वाया जात नाही. कपाटांच्या जोडीत एकावर एक संच, दुसऱ्यावर दुसरा, आणि खोलीच्या दोन बाजूंना ती एकमेकांना उत्तर देत उभी राहतात. कासवाच्या पाठीखाली लाल रंग देत, म्हणजे अर्धपारदर्शक थरातून तो आतून पेटल्यासारखा दिसे. शेवटी पितळेवर सळईने रेघा कोरून पानाच्या शिरा काढायच्या आणि त्यात काळा रंग भरायचा. करवतीचा हात एकदा जरी थरथरला तर दोन्ही संच गेले.

भपका म्हणणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं. कोपऱ्यांवर, पायांवर, कुलपाभोवती जे सोनेरी ब्राँझ दिसतं, ते अगदी मोक्याच्या जागी असतं. जडणीचे पातळ थर कडांपाशी सर्वांत आधी उचकटतात. लाकूड हवेतल्या ओलीने हलतं, पितळ उष्णतेने पसरतं, आणि सरस दोघांना कायमचा धरू शकत नाही. ब्राँझ त्या दुबळ्या कडा दाबून धरतं, ठोकर झेलतं, किल्ली वारंवार लागून झिजणारी जागा राखतं. डोळ्याला जे दागिना वाटतं ते कपाटाचं चिलखत आहे.

1708-09 मध्ये बूलने लुईच्या ग्राँ त्रियानों राजवाड्यातल्या शयनगृहासाठी खणांची दोन बुटकी कपाटं केली. आज ती व्हर्सायमध्ये आहेत. हा प्रकारच तेव्हा नवा होता. वर संगमरवराची जाड फळी, अंगावर ब्राँझचं ओझं. चार पाय एवढा भार पेलेनात, म्हणून त्याने खाली पिळाचे, निमुळते असे आणखी चार पाय दिले. आठ पायांमुळे डौल अडखळतो असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण बूलने काय केलं हे महत्त्वाचं. भार आहे तर आधार उघड दिसला पाहिजे, आणि दिसणारच असेल तर तो देखणा असला पाहिजे. त्याने आधार लपवला नाही, कपाटाला खोटं बोलायला लावलं नाही. हाच माणूस जुन्या उस्तादांची रेखाटनं विकत घेण्याच्या नादात कर्जबाजारी झाला. सावकारांपासून वाचवण्यासाठी राजाला त्याला संरक्षण द्यावं लागलं. 1720 च्या आगीत त्याच्या कारखान्यासोबत त्या संग्रहाचाही मोठा भाग जळाला. चित्रकलेच्या इतिहासात जीव गुंतवलेला सुतार होता तो. आज कॅटलॉगमधला फोटो मशीनवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ‘डिझाइन’ केल्याचे पैसे घेणाऱ्यांनी त्याच्या शैलीचं नाव उच्चारू नये.

दुसरं शिखर फ्लॉरेन्सचं. 1588 मध्ये फर्दिनांदो मेदिचीने तिथे दगडाच्या जडणकामाचा दरबारी कारखाना सुरू केला. तिथल्या कपाटांवर पक्षी, फळं, फुलं दिसतात आणि लोकांना ती रंगवलेली वाटतात. त्यात रंगाचा थेंब नाही. अकीक, लाजवर्द, जास्पर असे दगड पातळ कापून, ओल्या कुरुंदाच्या भुकटीत तार चालवून एकेक तुकडा आकारात आणलेला. पाकळी कडेला फिकी आणि मध्याकडे गडद हवी असेल, तर कारागीर तसा उतरता रंग ज्या दगडात निसर्गतःच आहे तो दगड शोधतो, त्यातली नेमकी तेवढी जागा शोधतो आणि तेवढीच कापतो. छटा त्याच्या नजरेने निवडलेली असते. इंग्लंडच्या तिसऱ्या ड्यूक ऑफ बोफर्टने 1726 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इथे एक कपाट करायला सांगितलं. ते 1732 मध्ये पुरं झालं. 2004 मध्ये लंडनच्या लिलावात त्याला 1 कोटी 90 लाख पौंड आले आणि आज ते व्हिएन्नात लिख्टेनश्टाइनच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. ही किंमत सोन्याची नाही. दगड निवडणाऱ्या नजरेची आहे.

‘हे सगळं युरोपचं, आपला काय संबंध?’ असं विचारणाऱ्याने जुन्या गोव्यात जावं. बॉम जेझू बासिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे. तिचा संगमरवर-जास्परचा चौथरा आणि त्यावरची ब्राँझची चित्रं तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने भेट म्हणून पाठवली. ती घडवली जोव्हानी बातिस्ता फोजिनीने, म्हणजे फ्लॉरेन्सच्या त्याच दरबारी कारखान्याच्या प्रमुखाने. याच फोजिनीने काही वर्षांनी तिथल्या उत्तमोत्तम कपाटांपैकी एकाचा आराखडा केला. 1709 चं ते कपाट आज फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात आहे. समाधीचे सुटे भाग जहाजाने गोव्यात आले आणि 1698 मध्ये इथे जोडले गेले. त्या चौथऱ्यावर जी चांदीची पेटी आहे, ती त्याआधीच, 1636-37 मध्ये, गोव्याच्या सोनारांनी घडवलेली होती. फ्लॉरेन्सचा दगड खाली, गोव्याची चांदी वर, आणि दोन्ही कामं मान ताठ ठेवून एकमेकांशेजारी उभी आहेत. कोणी कोणाची नक्कल केलेली नाही.

गोव्यातल्या त्या शतकातल्या खणांच्या पेट्या बघा. सागवानाच्या अंगावर आबनूस आणि हस्तिदंताची जडणी, एकमेकांत गुंतलेली वर्तुळं, आणि खालच्या बैठकीला पायांच्या जागी कोरलेल्या नागकन्या. पेटीचा घाट पोर्तुगालचा, पण भार उचलायला गोव्याच्या कारागिराने आपल्या ओळखीचं दैवत बोलावलं. 1567 च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू बिगर-ख्रिस्ती कारागिरांकडून करून घ्यायला मनाई केली होती. मनाई करावी लागते ती चालू असलेल्या गोष्टीलाच. त्या हातांचं कसब एवढं होतं की फतव्यांनाही त्याची दखल घ्यावी लागली. आपल्या किनाऱ्यावर बरोक असा आला: इथल्या लाकडात, इथल्या हातांतून, इथली नजर घेऊन. आजच्या सोनेरी खुर्चीत इथलं काय आहे? तिच्यातलं पान कोणत्या झाडाचं आहे, हे ती बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

आता खरा आक्षेप. तो मी टाळणार नाही. हे काम राजे, सरदार आणि धर्मसत्तेसाठी झालं, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. व्हेनिसच्या का’ रेझोनिको संग्रहालयात आंद्रेआ ब्रुस्तोलोनने व्हेनिएर घराण्यासाठी केलेलं फर्निचर आहे. त्यातल्या खुर्च्यांच्या चौकटी झाडाच्या गाठाळ फांद्यांसारख्या कोरल्या आहेत; असं कोरीव काम क्वचितच दिसतं. त्याच संचात चिनी मातीच्या बरण्या तोलून धरायला साखळीने बांधलेले आफ्रिकी गुलाम आहेत, काळ्या आबनूसात कोरलेले. त्या कौशल्यापुढे मान झुकते आणि त्या विषयाची शिसारी येते. दोन्ही भावना खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी दाबायची मला गरज वाटत नाही. बूलच्या जडणीसाठी समुद्री कासवं मारली गेली. ब्राँझवर सोनं चढवताना ते पाऱ्यात कालवून लावत आणि आगीवर पारा उडवून देत. ती वाफ मुलामा देणाऱ्यांच्या छातीत जाई. अशा कासवाच्या पाठीचा आंतरराष्ट्रीय व्यापार आज बंद आहे आणि तो बंदच राहिला पाहिजे. पाऱ्याचा मुलामाही परत यायला नको.

पण हा आक्षेप घेणाऱ्यांना माझा उलट सवाल आहे. आजच्या नकलेत कोणाचा छळ होत नाही का? एमडीएफची भुकटी आणि सोनेरी स्प्रेची वाफ तोंडाला साधा रुमाल बांधून दिवसभर ओढणारा पोरगा रोजंदारीवर असतो. बूलच्या कामगाराला निदान असं कसब मिळत होतं ज्यावर तो उभा राहू शकेल. या पोराला काय मिळतं? मशीन बंद पडली की त्याच्या हातात कोणतीही विद्या उरत नाही. व्हिएन्नाचा वास्तुविशारद अडॉल्फ लोस याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलंकरणावर तोफ डागली आणि साध्या फर्निचरचे भक्त अजून त्याचा दाखला देतात. त्यांनी त्याचं म्हणणं पुरतं वाचावं. त्याचा मोठा राग कारागिराच्या वाया जाणाऱ्या, कमी मोबदल्याच्या श्रमांवर होता. तो राग आज सर्वांत आधी या सोनेरी नकलेला लागू होतो, आणि तितकाच त्या सरळ रेषांच्या टेबलालाही, जे भुशाच्या फळीवर ओकचा छापील कागद चिकटवून येतं आणि दुसऱ्या घरात हलवताना मोडतं. साधेपणा हा काही प्रामाणिकपणाचा दाखला नाही. खोटं सरळ रेषेतही बोलता येतं.

सोन्या-चांदीकडेच पाहणाऱ्यांची जात जुनी आहे. व्हर्सायमध्ये लुईने भरीव चांदीची टेबलं, दीपस्तंभ आणि कुंड्या करवून घेतल्या होत्या. गोबलँच्या शाही कारखान्यात दरबारी चित्रकार शार्ल ल ब्रँच्या देखरेखीखाली त्या काळच्या अव्वल कारागिरांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं ते काम. 1689 च्या डिसेंबरात युद्धासाठी पैसा हवा होता. राजाने हुकूम दिला आणि सुमारे 20 टन चांदी टाकसाळीच्या भट्टीत गेली. वितळलेल्या चांदीला वजनाचा भाव मिळतो. तिच्यावर राबलेल्या हातांचा भाव शून्य. राजाने धातू पाहिला, काम पाहिलं नाही, आणि जगातलं एक थोर काम कायमचं गेलं. आज सोनेरी रंग पाहून पाकीट उघडणारा ग्राहक तीच चूक करतो. फरक एवढाच की राजाकडे वितळवायला निदान खरं काही होतं.

म्हणून तीन गोष्टी मागतो. फर्निचर घेणाऱ्याने ते उलटं करावं, सांधा बघावा, लाकडाचं नाव विचारावं आणि कोणाच्या हाताने केलं हे विचारावं. दुकानदाराला यातल्या शेवटच्या दोन गोष्टी सांगता येत नसतील तर पाठ फिरवावी. डिझाइन शिकवणाऱ्यांनी मुलांना बरोकची चित्रं पडद्यावर दाखवून पुढे जाऊ नये. एक पिळाचा पाय स्वतःच्या हाताने करायला लावावा, गोव्याला नेऊन नागकन्येच्या त्या बैठकीसमोर बसवावं आणि भार कुठून कुठे उतरतो हे कागदावर काढायला सांगावं. आणि बरोकला भपका म्हणणाऱ्यांनी निकाल देण्याआधी बूलचं एक कपाट तरी वीतभर अंतरावरून पाहावं.

आणि ज्याला खरोखर बरोकचा मान राखायचा आहे, त्याने त्या सोनेरी सोफासेटचे पैसे आपल्या ओळखीच्या जाणत्या सुताराला द्यावेत. त्याला हवा तेवढा वेळ द्यावा, सागवान तोच निवडेल, आणि एक साधी खुर्ची करून घ्यावी. नक्षी नसली तरी चालेल. पाय भार पेलत असतील, लाकडात लाकूड बसवून सांधा केलेला असेल, खालची बाजू वरच्याइतकीच नीट रंधलेली असेल, तर बूलच्या कामाशी तिचं नातं त्या सोनेरी सिंहासनापेक्षा कितीतरी जवळचं असेल. कसबाला मोल द्या. कसबाचं सोंग विकत घेणं आजपासून बंद करा.